अकरा गाण्यांचा पाय

३ जानेवारी

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहिणार होते. पण ते वाचून तू हसलास तरी मला दिसणार नाही, म्हणून नुसतं दादा.

चार महिने तू माझा फोन उचलत नाहीस. उचललास की आपण भांडतो, ते वेगळं. म्हणून खोक्यात वरच पत्र ठेवलंय. खोकं परत पाठवायचं म्हटलंस तरी आत काय आहे ते बघायला उघडशीलच, एवढं मी तुला ओळखते.

अपघातानंतर गाडीतून निघालेलं सगळं सामान माझ्या वर्कशॉपच्या फडताळात पडून होतं. त्यातला तुझ्या गिटारचा वाव पेडल मी तुला न विचारता उघडला. रागावू नकोस, आधी पूर्ण वाच. तू पायाने तो पुढे-मागे करायचास तेव्हा आत एक दांडा फिरायचा आणि त्याने आवाज उघडायचा, मिटायचा. तो दांडा मी काढून टाकला. त्या जागी काळ्या नळीत एक बारीक दिवा बसवलाय आणि दिव्याकडे तोंड करून एक सेन्सर. दिव्याला व्होल्टेज मिळालं की तो उजळतो, सेन्सरला उजेड दिसला की वाव उघडतो. व्होल्टेज उतरलं की मिटतो. पायाची गरजच नाही.

व्होल्टेज देणार तो खोक्यातला छोटा सिंथ, म्हणजे सिंथेसायझर. त्यावर सूर वाजवायचा नाहीये. मागच्या बाजूला 'कंट्रोल' लिहिलेलं सॉकेट आहे, त्यातून फक्त व्होल्टेज येतं, चढतं, उतरतं. आवाज काही नाही, नुसता हुकूम.

आवाजाचे पडसाद काढणाऱ्या तुझ्या डिलेलाही तोच हुकूम देता येईल. पण सिंथ दहा व्होल्ट फेकतो आणि डिलेला पाचच्या वर सोसत नाही, म्हणून मध्ये व्होल्टेज निम्मं करणारी ती करडी डबी आहे.

चौदा महिने झाले गिटारला हात लावून. एकदा लावून बघ.

बँडच्या तालमीहून घरी आला की राजे तुझी चौकशी करतो. रोज नाही, पण करतो.

ठिणगी


१९ जानेवारी

ठिणगे,

खोकं मिळालं. चार दिवस कपाटावर होतं. पाचव्या दिवशी सबब संपली.

आधी इथली हालहवाल. खोली शिवणाच्या दुकानाच्या वर आहे. बावीस पायऱ्या. डॉक्टर म्हणाले होते तळमजल्यावर राहा, म्हणून मी वरच्या मजल्यावरची घेतली. शिकायला तीन जण येतात. त्यातला एक दातांचा डॉक्टर आहे, त्याला आयुष्यात एकच गाणं वाजवायचंय आणि तेवढंच तो दीड वर्ष शिकणार आहे. माणूस सुखी आहे.

आता तुझी वस्तू. तू सांगितलंस तशा तारा लावल्या, सिंथ सुरू केला. वाव चालू झाला. वॉव, वॉव, वॉव, वॉव. बेडकाला ड्युटीवर लावल्यासारखा. मी गिटारवर काही करो, तो आपला ठरलेल्या वेळेला तोंड उघडतोय, ठरलेल्या वेळेला मिटतोय. वेग कमी केला तर म्हातारा बेडूक. मी दहा मिनिटं ऐकलं आणि बटण बंद केलं.

माझा पाय असा नव्हता गं. हात आधी सुरावर पोचायचा आणि पाय मागून यायचा. किती मागून, ते मला सांगता येणार नाही. कधी कधी यायचाच नाही, आणि मग पुढच्या सुराला दोनदा यायचा. बसून डाव्या पायाने करून बघितलंय, विचारूच नकोस. डाव्या हाताने सही केल्यासारखं होतं, बँकेतली बाईसुद्धा म्हणेल ही तुमची नाही.

घोट्यात चार स्क्रू आहेत. हवा बदलली की चारही वेगवेगळं बोलतात. तुझ्या दिव्याचं काम मात्र सुबक आहे. टाके बघितले. आईने बघितले असते तर म्हणाली असती, भरतकाम शिकली असती तर बरं झालं असतं.

राजेला सांग, चौकशी माझ्याकडे करायची असते, तुझ्याकडे नाही.

दादा


२ फेब्रुवारी

दादा,

बेडकाचं वाचून मी वर्कशॉपमध्ये एकटीच हसत बसले. दुरुस्तीला ऑर्गन घेऊन आलेल्या माणसाला वाटलं त्याच्या ऑर्गनला हसतेय.

तुझं बरोबर आहे. सिंथची लाट घड्याळासारखी असते आणि तू कधीच घड्याळासारखा नव्हतास. सोळा वर्षं मी स्टेजच्या कडेला बसले. लोक तुझ्या हाताकडे बघायचे, मी पायाकडे बघायचे, कारण पेडलच्या तारा जोडायचं काम माझं होतं. तुझा पाय मला ओळखू येतो.

म्हणून आता हे पाठवतेय. हा रेकॉर्डर आहे, पण आवाज टिपणारा नाही, व्होल्टेज टिपणारा. सोबत एक रिकामं पेडल आहे. ते दाबलं की फक्त व्होल्टेज कमीजास्त होतं. ते टेबलावर ठेव. आपलं जुनं रेकॉर्डिंग लाव. आणि पेडल हाताने दाब. पाय जसा दाबायचा तसा, तेवढाच उशिरा, चुकायचा तिथे चुकून. घोटा गेला असेल, पण पाय कसा पडायचा हे तुझ्या डोक्यात कुठेतरी असणारच.

रेकॉर्डर ते सगळं कार्डावर लिहून घेईल. मग कानात त्या गाण्याच्या लयीचा ठोका लावायचा, बटण दाबायचं, आणि ते तुझंच व्होल्टेज परत सोडेल. वाव तुझ्यासारखा उघडेल आणि तुझे दोन्ही हात गिटारला मोकळे.

एक काम कर. जमलं की कार्ड मला पाठव. हात थरथरतो तेव्हा रेषेत बारीक खरखर येते, ती साफ करून देईन.

हट्ट करू नकोस. केलास तरी एका संध्याकाळपुरता कर.

ठिणगी


११ मार्च

ठिणगे,

कसं सांगू.

पहिला आठवडा वाया गेला. हात पायाची नक्कल करत होता आणि ती नक्कलच वाटत होती. मग एक दिवस टेबल भिंतीला लावलं, उभा राहिलो, डोळे मिटले आणि पेडलवर तळहाताची टाच ठेवली, त्यावर अंगाचं वजन टाकलं. खांदा आपोआप खाली गेला, कंबर वळली. आणि हात पाय झाला. खरंच सांगतो, उजव्या पावलाला मुंग्या आल्या. ज्याला सुई टोचलेली कळत नाही त्या पावलाला.

अकरा गाणी झाली. सगळी. संथ गाण्याला नऊ दिवस लागले, कारण त्यात पाय जवळजवळ काही करत नाही, आणि ते काही न करणं हाताला जमेना.

काल पहिल्यांदा गिटार गळ्यात घेतली, ठोका कानात, बटण दाबलं. मी सुरावर गेलो आणि मागून तो आला. मी वाजवायचा थांबलो. राहवलंच नाही. तो मात्र थांबला नाही, पुढच्या जागा घेत गेला. मी खाटेवर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिलो. खालच्या शिवणवाल्या बाईंनी मशीन बंद केलं होतं. नंतर विचारत होत्या, कोणी आलंय का हो?

मी म्हटलं, हो, जुना मित्र.

कार्ड पाठवतोय. जपून साफ कर, जास्त साफ करू नकोस. जिथे चुकलोय असं वाटेल तिथे हात लावू नकोस.

आणि राजेला सांग, मे महिन्याची तालीम कधीपासून ते कळव. मी बसून वाजवेन. स्टूल माझं मी आणेन. त्याच्यावर माझा राग होता, आता तोही ठेवायला वेळ नाही.

तू हे माझ्यासाठी केलंस. मी तोंडावर कधी म्हणणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

दादा


६ एप्रिल

दादा,

कार्ड पोचलं. उत्तराला उशीर झाला, वर्कशॉपमध्ये कामाचा ढीग आहे.

तुझ्या रेषा मी ऑसिलोस्कोपवर बघितल्या. पडद्यावर हिरवी रेष तुझ्यासारखी चालत जाते. तिसऱ्या गाण्यात तू एका ठिकाणी पाय उचलतोस आणि टेकवायच्या आधी क्षणभर थांबतोस, ते मी पाच वेळा लावून बघितलं. खरखर होती ती गाळली. चढावर थोडी, उतारावर फारच कमी. दिवा विझताना मुळातच जरा रेंगाळतो, त्यामुळे उतार आपोआप मऊ होतो, तिथे काही करायला लागलं नाही. व्होल्टेजची पातळी चार पूर्णांक आठच्या वर कुठे जात नाही, म्हणजे डिलेलाही धोका नाही. कार्ड सोबत परत पाठवतेय, एक प्रत मी जपून ठेवलीय, हरवलं तर असावी.

तालमीचं अजून नक्की नाही. राजे कळवेल.

घोट्याची काळजी घे. बावीस पायऱ्या दिवसातून एकदाच उतर.

ठिणगी


१४ एप्रिल

ठिणगे,

तू अख्खं पान रेषांवर लिहिलंस आणि तालमीवर एक ओळ.

तुझ्या नवऱ्याने कळवलं नाही. मी त्याला दोनदा फोन केला, उचलला नाही. आता ही सवय त्याने माझ्याकडून घेतली असेल तर गोष्ट वेगळी.

तारीख कळव. नसेल तर नाही असं कळव.

दादा


२९ मे

ठिणगे,

एप्रिलच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. ते मला परवा मिळालं, संध्याकाळी सहाच्या कार्यक्रमाला.

दातांचा डॉक्टर तिकिटं घेऊन आला होता. बिचारा मला खूश करायला आला होता. 'तुमचाच बँड येतोय आपल्या गावात, चला,' म्हणाला. मी त्याला काय सांगणार? टॅक्सीने नेलं त्याने, हाताला धरून सोळाव्या रांगेत बसवलं.

माझ्या जागी नवा पोरगा उभा होता. चांगला वाजवतो. हात स्वच्छ आहे. दोन्ही पाय जमिनीवर, बुटांची नाडीसुद्धा हलत नव्हती. राजेने माझ्याकडच्या रेकॉर्डरसारख्याच एका मशीनचं बटण दाबलं आणि पोऱ्याच्या सुरामागून माझा पाय आला.

मी ओळखणार नाही असं वाटलं होतं का गं तुला? तिसऱ्या गाण्यात मी जिथे थांबतो तिथे तो थांबला. संथ गाण्यातलं ते काही न करणं, ज्याला मला नऊ दिवस लागले, तेही त्याने केलं. म्हणजे त्याने काहीच केलं नाही. तू केलंस. तू डाव्या बाजूला खुर्चीवर बसली होतीस, मांडीवर तारांची गुंडाळी, आणि त्या हिरव्या रेषेच्या पडद्याकडे बघत होतीस. एकदाही प्रेक्षकांकडे बघितलं नाहीस.

डॉक्टर माझ्या कानात म्हणाला, 'सर, हा तर अगदी तुमच्यासारखा वाजवतो.' मी टाळ्या वाजवल्या. बाकी सगळे वाजवत होते.

मला वाटलं होतं तू मला पाय परत देतेस. तुम्हा दोघांना तो माझ्याकडून काढून घ्यायचा होता, आणि मी हौसेने, पावलाला मुंग्या येईपर्यंत, काढून दिला. वर आभार मानले.

आता एक गोष्ट सांगतो, जी पोलिसांना सांगितली नाही, डॉक्टरांना सांगितली नाही, तुला तर नाहीच नाही. त्या दिवशी गाडीपुढे कुत्रं आलं नव्हतं. कुत्रं मी बनवलं. राजे गाडी चालवत होता आणि त्याच्या हातात फोन होता. डोळे फोनवर होते. वळण आलं तेव्हा त्याने वर बघितलंच नाही. त्याला खरचटलंसुद्धा नाही. दवाखान्यात तू त्याला मिठी मारून रडत होतीस, 'तू वाचलास' म्हणून. मी पलीकडच्या खाटेवर होतो. मग इन्स्पेक्टर आला, आणि मी म्हटलं, कुत्रं.

ते तुझ्यासाठी होतं. आता ठेवत नाही माझ्याकडे.

दादा


८ जून

दादा,

तुझं पत्र मी वर्कशॉपमध्ये वाचलं, मग शटर लावून घेतलं आणि परत वाचलं.

कार्डाबद्दल सांगते. सफाई देत नाही, झालं तसं सांगते. तो रेकॉर्डर केला तेव्हा मनात तूच होतास, दुसरं कुणीही नव्हतं. तुझं कार्ड साफ करताना मी वाव जोडून ऐकत होते. राजे जेवायचा डबा घेऊन आला होता. तो दारातच थांबला. म्हणाला, 'आला का तो?' मग त्याला कळलं. दुसऱ्या दिवसापासून मागे लागला. तुझ्यानंतर बँडला चार कार्यक्रम मिळाले होते, आणि चारही ठिकाणी लोक म्हणाले की आता आवाज तो राहिला नाही. तो म्हणायचा, दादाला दौऱ्यावर नेऊन काय पुन्हा मारायचंय? त्याला काय, त्याची कला तर राहील. एकाच कार्यक्रमापुरतं, म्हणाला. मी दिलं. एकाचे सहा झाले. दर वेळी ठरवायचे, आज लिहिते. कागद घ्यायचे आणि व्होल्टेजबद्दल काहीतरी लिहायचे.

तुझ्या गावातला कार्यक्रम आहे हे मला दोन महिने आधी माहीत होतं. हे मी विसरणार नाही, तूही विसरू नकोस.

फोनचं मी त्याला विचारलं. सकाळी, चहा करताना. आधी म्हणाला, 'दादा कडवट झालाय, काहीही लिहील.' मी पत्र पुढे ठेवलं. मग म्हणाला, 'एक सेकंद बघितला असेल.' मग म्हणाला, 'एवढं जुनं उकरून काय मिळणार?' मी म्हटलं, जुनं नाहीये, तो रोज बावीस पायऱ्या उतरतो.

अठरा वर्षं झाली लग्नाला. मला त्याचं सगळं कळतं असा माझा समज होता.

तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. मी काहीतरी करणार आहे. काय ते अजून ठरलं नाही.

ठिणगी


२८ जून

दादा,

केलं.

काल मोठा कार्यक्रम होता, साडेचारशे लोक. तारा जोडायचं काम नेहमीप्रमाणे माझंच. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी मशीनमधून तुझी अकराही गाणी पुसली. राजेच्या ड्रॉवरमध्ये प्रत होती, ती सकाळीच पकडीने मोडली होती. माझी प्रतही मोडली. जगात आता तुझ्या खोलीतलं एकच कार्ड आहे. मशीनमध्ये मी प्रत्येक गाण्यासाठी एक सरळ रेष भरली, अडीच व्होल्ट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ना चढ ना उतार. वाव अर्धवट उघडा, जांभई अडकल्यासारखा.

तू बघायला हवा होतास. पहिल्या गाण्यापासून गडबडलं. लोक कुजबुजायला लागले. पुढच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ उठून निघून गेले. कुणीतरी मागून ओरडलं, 'जुन्या माणसाला आणा!' पोऱ्या घामाने भिजला. मध्यंतरानंतर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. तुझ्याशिवाय त्या आवाजात काही नाही, हे सगळ्यांना कळलं. मी खुर्चीवर बसून सगळं ऐकत होते आणि मला तुझी फार आठवण येत होती.

मी घर सोडलंय. वर्कशॉपच्या मागच्या खोलीत राहते. दोन पिशव्या आणल्यात, बाकीचं नंतर बघू. इथे गॅस नाही, हीटर दुरुस्त करून घेतला.

तुला सांगायचं होतं म्हणून घाईने लिहिलं.

ठिणगी


३० जून

दादा,

मी राजे. माझं पत्र बघून फाडणार असशील तर हा एक परिच्छेद वाचून फाड. तीन दिवसांपूर्वीच्या कार्यक्रमात तुझ्या बहिणीने मशीनमधलं तुझं सगळं पुसून टाकलं आणि त्याच दिवशी मला सोडून गेली. कार्यक्रम छान झाला. ती तुला काय लिहील मला माहीत नाही, म्हणून मी लिहितोय. मला पहिल्या गाण्यात कळलं, पोऱ्याला पाचव्या. त्याखेरीज सभागृहात कुणालाही, एकालाही, काही कळलं नाही. टाळ्या नेहमीएवढ्याच. संथ गाणं लोकांनी पुन्हा वाजवायला लावलं. वाव अर्धवट उघडा होता आणि एका बाईंनी नंतर येऊन सांगितलं की आज त्यात काहीतरी वेगळीच आर्तता होती.

हे मी तुला दुखवायला लिहीत नाही. थोडं दुखवायलाही लिहितो. सहा कार्यक्रम मी तुझा पाय चोरून वापरला, झोप उडाली माझी, आणि शेवटी कळलं की त्याची गरजच नव्हती. पहिल्या चार कार्यक्रमांना लोक आवाज बदलला म्हणाले ते तुझा चेहरा दिसला नाही म्हणून. आता पोऱ्याच्या चेहऱ्याची सवय झालीय त्यांना.

आणि आता दुसरं. तू तिला लिहिलंस की माझे डोळे फोनवर होते. होते. पण फोन मी का उचलला, ते नाही लिहिलंस. तू मागे बसला होतास. तू म्हणालास, 'राजे, कालचं रेकॉर्डिंग लाव ना, तो माझा तुकडा ऐकायचाय.' मी म्हटलं, थांबल्यावर लावतो. तू म्हणालास, 'आत्ता लाव रे, काय होतंय.' दोनदा म्हणालास.

कुत्रं तू माझ्या एकट्यासाठी नव्हतं बनवलंस.

हे मी तिला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असती, सबबी देतोय. तुला वाटलं तर तू सांग. दीड वर्ष गप्प बसलास, मला वाटायचं मित्र असावा तर असा. एका कार्यक्रमाच्या रागात सगळं ओतून मोकळा झालास.

ती फोन उचलत नाही. तुमच्या घराण्यातच आहे ते.

राजे


९ जुलै

ठिणगे,

तुझं पत्र गुरुवारी आलं. राजेचं शनिवारी.

गुरुवार ते शनिवार मी फार मजेत होतो. लाज वाटते लिहायला. खालच्या बाईंना वाचून दाखवलं, दातांच्या डॉक्टरला सांगितलं, 'जुन्या माणसाला आणा' असं कोण ओरडलं असेल याचा विचार करत बसलो. तो उठून गेलेला वयस्कर माणूस कसा दिसत असेल ते ठरवलं. त्याला करडा कोट दिला. तू घर सोडून आलीस हे त्याच पत्रात लिहिलं होतंस, तळाशी, तीन ओळींत. ते मी वाचलं आणि परत वर जाऊन कोटवाल्या माणसाचं वाचलं. असा तुझा भाऊ आहे.

राजेने लिहिलंय की कुणाला काही कळलं नाही. तो या बाबतीत खोटं बोलणार नाही, त्याचा कान चांगला आहे. तू माझ्यासाठी साडेचारशे लोकांची कुजबुज बनवलीस. कुत्र्यापेक्षा बरी जमली होती.

तुला एक लिहायचं राहिलं होतं, ते लिहितो. त्या दिवशी फोन राजेने माझ्या सांगण्यावरून उचलला. मला आदल्या दिवशीचा माझा तुकडा ऐकायचा होता. तो थांबू म्हणत होता, मी ऐकलं नाही. दोनदा म्हटलं. वळण आलं तेव्हा गाणं नुकतंच लागलं होतं आणि मी डोळे मिटून वाट बघत होतो, माझा पाय कुठे पडतो त्याची. मेच्या पत्रात मी एवढंच गाळलं. खरं सांगायचं म्हणून लिहिलं नव्हतं ते पत्र. तुला लागावं म्हणून लिहिलं होतं, आणि अर्धं सांगितलं की जास्त लागतं हे मला माहीत होतं.

तुला याच्यावर घर सोडायचं असेल तर सोड. परत जायचं असेल तर जा. पण माझ्या अर्ध्या पत्रावर काही करू नकोस. कार्ड चोरलं ते तुम्ही दोघांनी, तेवढं मात्र पूर्ण खरं आहे, आणि त्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही. राजेलाही नाही. स्वतःला तर मी विचारतच नाही.

खोलीतलं कार्ड मी पुसलेलं नाही. लावतही नाही. मंगळवारी शिकवणी आहे, दातांच्या डॉक्टरला आता दुसरं कडवं घ्यायचंय.

शनिवारी दुपारच्या गाडीने येतोय. तुझं बाकीचं सामान त्या घरातून आणायला कुणीतरी हवं, आणि राजेसमोर तू एकटी उभी राहावंस असं मला वाटत नाही. उचलता मला काही यायचं नाही, दारात उभा राहीन. आपण बोलू असं काही कबूल करत नाही.

स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस. मला फलाटावरून बाहेर यायला वेळ लागतो, आणि तू तिकडे ताटकळत उभी आहेस हे दिसलं की मी घाई करतो आणि पडतो.

दादा